मनकर्णाबाईंना विचारलं तेव्हा

टेंभुरवाडीत मुलींना पहिल्यांदा कोणी शिकवलं असं आज विचारा, लोक सांगतील, वलायतेची एक गोरी बाई आली होती, तिनं. तिचा फोटो शाळेच्या भिंतीवर आहे. काच तडकलेली आहे, पण फोटो आहे. मनकर्णाबाईंचा फोटो कुठेच नाही. फोटोचं सोडा, गोरी बाई यायच्या आधी नऊ वर्षं त्या ह्याच गावात मुलींना शिकवत होत्या, हे सांगणारं माणूससुद्धा आता शोधावं लागतं. गावाच्या लक्षात पाहुणा राहतो. त्याच्यासाठी चूल कोणी पेटवली हे राहत नाही.

टेंभुरवाडी म्हणजे डोणगावच्या अलीकडे दोन कोसांवरची माळ्यांची वस्ती. वांगी, मेथी, कांदा, मिरची पिकवायची आणि डोणगावच्या बाजारात नेऊन विकायची, हाच सगळ्यांचा उद्योग. मनकर्णाबाई तिथे लग्न होऊन आल्या त्या खामगावहून. त्यांचे वडील सरकी काढायच्या एका जिनात कापसाच्या काट्यावर होते. एकुलती मुलगी, म्हणून हौसेने त्यांनी तिला मराठी सातवीच्या फायनल परीक्षेला बसवलं आणि ती पास झाली. त्या काळी सातवी पास माणूस मास्तर व्हायचा. मनकर्णाबाई मात्र टेंभुरवाडीच्या सून झाल्या.

चार वर्षांत नवरा तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. वडीलही त्याच साली वारले, म्हणजे परत जायला घर उरलं नाही. तेव्हापासून त्या दीर उकंडराव आणि जाऊ वच्छलाबाई यांच्या घरी राहिल्या. उकंडराव काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने कधी हात उगारला नाही, उपाशी ठेवलं नाही. पण मळ्यातलं काम कोणी न सांगता करायचं आणि भाकरी मात्र कोणीतरी वाढेपर्यंत थांबायचं, अशा घरात दिवस काढणं काय असतं ते ज्याने काढले त्यालाच ठाऊक. लुगडंसुद्धा वर्षाला एकच यायचं, आणि तेही जावेने निवडलेलं.

गावात चौथीपर्यंतची शाळा होती, एकच मास्तर होते रंगराव गुरुजी, आणि शाळेत सगळी मुलंच. मुली सकाळी मळ्यात पाणी वळायच्या आणि संध्याकाळी उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधायच्या. दुपारी मोटेचे बैल सुटले की दोन-तीन तास तेवढे रिकामे. अठ्ठावन साली मनकर्णाबाईंनी ह्या रिकाम्या वेळात चार पोरींना गोठ्याच्या पडवीत बसवलं. चाराच्या अकरा झाल्या, अकराच्या बावीस. कडेवर धाकटं भावंड घेऊन मुली यायच्या. मनकर्णाबाई म्हणायच्या, आणा, त्याच्याही कानावर पडेल. जुड्यांवरून पाढे, राखेत अक्षरं. त्यांना ह्याबद्दल एक पै मिळत नव्हती आणि त्यांनी कोणाकडे मागितलीही नव्हती.

पण आशा होती. राज्य नवं झालेलं, गावोगाव शाळा निघत होत्या. सरपंच भगवानराव दर उन्हाळ्यात म्हणायचे, मुलींसाठी शिक्षिकेची जागा मंजूर होणार, आणि झाली की पहिलं नाव मनकर्णाबाईंचंच. ह्या जागेवर मनकर्णाबाई जगत होत्या असं म्हटलं तरी चालेल. फायनलचं प्रमाणपत्र त्यांनी पेटीत तळाशी ठेवलं होतं. जागा मिळाली की शाळेशेजारची एक खोली घ्यायची, आपली चूल मांडायची, आणि भूक लागली की भाकरी थापून खायची, कोणी वाढायची वाट न बघता. एवढंच होतं त्यांचं स्वप्न. फार मोठं नव्हतं, म्हणून तर ते मोडायला फार मोठ्या माणसाची गरज पडली नाही.

सदुसष्ट सालच्या दिवाळीनंतर डोरोथी आली. कॅनडातल्या कुठल्याशा संस्थेने तिला दोन वर्षं खेड्यात शिकवायला पाठवलं होतं, बिनपगारी. वय तेवीस, उंच, तोंडभर तपकिरी ठिपके. तिचं नाव लोकांच्या तोंडात बसेना, म्हणून आठ दिवसांत तिची दुरपताबाई झाली. बिनपगारी म्हणजे काय ते गावाने लवकरच पाहिलं. राहायला सरपंचांच्या माडीवरची खोली, तिचं भाडं संस्था देणार. स्टोव्ह, पाणी गाळायचं भांडं, सायकल, औषधांची पेटी, सगळं संस्थेचं. ताप आला तर गाडी येऊन घेऊन जाणार. फुकट शिकवायला आलेल्या बाईचं सगळंच कोणीतरी भागवत होतं. तरीही पोरगी मनाची चांगली होती, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट असती तर गोष्ट सोपी झाली असती.

पहिले पंधरा दिवस तिला कोणी शिकवूच दिलं नाही. आज ह्याच्याकडे चहा, उद्या त्याच्याकडे पुरणपोळी. पाहुण्याला कामाला लावायचं म्हणजे गावाची अब्रू जाते. ती बिचारी म्हणत राहिली, मला काम करायचं आहे, आणि लोक म्हणत राहिले, जेवून तर घ्या. शेवटी भगवानरावांनी ठरवलं की बाई माणूस बायांतच बरं, आणि तिला मनकर्णाबाईंच्या पडवीत आणून बसवलं. मनकर्णाबाईंना कोणी विचारलं नाही. त्यांनीच आपलं बसायचं पोतं झटकून तिच्यासाठी टाकलं आणि स्वतः जमिनीवर बसल्या.

डोरोथी मराठी शिकून आली होती ती पुण्याला, दहा आठवडे. मुलींना तिचं बोलणं कळेना, तिला मुलींचं कळेना. पहिल्याच दिवशी तिने रंगीत तक्ता टांगला आणि विचारलं, हे अक्षर कोणाला येतं, हात वर करा. एकही हात वर झाला नाही. तिने दुसरं विचारलं, तिसरं विचारलं. बावीस मुली खाली माना घालून बसलेल्या. तिचा समज झाला की ह्यांना काहीच येत नाही, आणि पोथी वाचणाऱ्या मुलींना ती अ, आ, इ पासून शिकवू लागली. मुली पदरात तोंड घालून हसायच्या. तिला वाटायचं आपल्या रंगाला हसतात. तिसऱ्या आठवड्यात ती विहिरीच्या थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडतं तिथे, बसून रडताना मनकर्णाबाईंना दिसली.

मनकर्णाबाईंनी तिला घरी नेलं, जावेची नजर चुकवून दुधात भाकरी कुस्करून दिली आणि समजावलं. आमच्याकडे मुलगी आपणहून म्हणत नाही, मला येतं म्हणून. चार जणींत हात वर करणारी पोरगी आगाऊ ठरते. तिच्या शेजारणीला विचारायचं. पार्वतीला येतं का गं, असं सुगंधीला विचार, ती लगेच सांगेल. आमच्यात स्वतःचं स्वतः सांगायचं नसतं, दुसऱ्याने आपल्यासाठी सांगायचं असतं.

दुसऱ्या दिवशी डोरोथीने तसंच विचारलं आणि पडवी एकदम बोलकी झाली. हिले येते, बाई. हिले तर बाराखडी पाठ हाये. सगळ्यांच्या वतीने सगळ्या बोलू लागल्या. डोरोथीने टाळ्या वाजवल्या आणि ही युक्ती आपल्या वहीत लिहून घेतली. त्या वहीत पुढे पुष्कळ गोष्टी गेल्या. कडेवरच्या पोराला बाहेर काढायचं नाही, बाजाराच्या आदल्या दिवशी मुली येणार नाहीत म्हणून रागवायचं नाही, हुशार मुलीचं कौतुक तिच्या आईसमोर करायचं नाही कारण दृष्ट लागते. शिकवायला आलेली बाई शिकत होती, आणि तिची मास्तरीण जमिनीवर बसून शिकवत होती. वर्षभरात डोरोथी खरंच चांगली शिक्षिका झाली. बाहेरून जो येईल तो म्हणायचा, काय शिकवलंय ह्या गोऱ्या बाईने. नऊ वर्षांचं पीठ दळून ठेवलेलं होतं, रेघोट्या ओढायला दुसरी बाई आली एवढंच. पण मनकर्णाबाईंना तेव्हा राग नव्हता. उलट त्या म्हणायच्या, बरं झालं, हिच्यामुळे साहेब लोक तरी वाट वाकडी करून येतील.

आणि आले. अडुसष्टच्या डिसेंबरात शिक्षणाचे एक साहेब तपासणीला आले. पडवी सारवली होती. खुर्च्या मांडल्या होत्या, साहेबांना, भगवानरावांना, रंगराव गुरुजींना, उकंडरावांना आणि डोरोथीला. मनकर्णाबाई डोक्यावरून पदर घेऊन खांबाशी उभ्या. त्या सकाळी त्यांनी पेटीतलं प्रमाणपत्र काढून पदराच्या आत खोचलं होतं. मुलींनी धडा वाचून दाखवला, हिशेब तोंडी केले. साहेब भला माणूस होता, खूश झाला. तो म्हणाला, तालुक्यात शिक्षिकांच्या तीन जागा आल्या आहेत, एक इथे देता येईल. मग तो मनकर्णाबाईंकडे वळला.

"बाई, तुम्ही सातवी पास आहात असं ऐकलं. पगाराची जागा दिली तर घ्याल का?"

इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो प्रश्न असा सरळ समोर येऊन उभा राहिला. आता ज्याला आपलं गाव माहीत नाही तो म्हणेल, मग हो म्हणायचं, त्यात काय? त्यात सगळंच आहे. आपल्याकडे दुसरी भाकरीसुद्धा दोनदा नको म्हटल्याशिवाय कोणी घेत नाही. आणि इथे तर विधवा बाई, समोर दीर, समोर सरपंच, आणि विषय पैशाचा. हो, मला पाहिजे, असं तिने म्हणायचं म्हणजे भर चौकात पदर पाडण्यासारखं. पहिलं उत्तर नकोच असतं. ते नको ऐकून कोणीतरी वडीलधाऱ्याने म्हणायचं असतं, नको काय म्हणता, साहेब, तुम्ही नाव लिहून घ्या. मनकर्णाबाईंनी इतक्या वर्षांत हे कितीदा तरी मनात वदवून पाहिलं होतं. ते बोलणारं माणूस कधी भगवानराव असायचे, कधी गुरुजी.

"मले काय करायचं जी पगाराचं," त्या म्हणाल्या. "पोरी शिकल्या म्हंजे झालं."

आणि त्या थांबल्या.

उकंडराव जमिनीकडे पाहत राहिला. खोली घेऊन वेगळी झालेली भावजय म्हणजे मळ्यातले दोन बिनमजुरीचे हात कमी, आणि उद्या तिने नवऱ्याच्या वाट्याचा मळा मागितला तर? भगवानरावांनी घसा खाकरला आणि पान तोंडात टाकलं. त्यांची पुतणी मेहकरला शिकत होती, पुढेमागे जागा तिलाही चालली असती. रंगराव गुरुजींना बोलायचं होतं. त्यांचे ओठ हललेले मनकर्णाबाईंनी पाहिले. पण सरपंच बोलत नाहीत तिथे आपण कसं बोलायचं, म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

बोलली ती डोरोथी. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "साहेब, ह्या बाई पैशासाठी शिकवत नाहीत," ती तिच्या स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाली. "त्या माझ्यासारख्या आहेत. त्या खऱ्या स्वयंसेविका आहेत."

तिच्या देशात ह्याहून मोठी स्तुती नसेल. साहेबांनी मनकर्णाबाईंना हात जोडले, धन्य आहे म्हणाले, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मनकर्णाबाई खांबाला धरून उभ्या होत्या. अजून एकदा कोणी विचारेल, दुसऱ्यांदा तरी विचारतील, ह्या आशेवर त्या जीप धुळीत दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिल्या. प्रमाणपत्र घामाने ओलं झालं होतं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, पण रडण्याचीही जिला चोरी आहे तिने काय करायचं, हे ती म्हण सांगत नाही.

फेब्रुवारीत पत्र आलं. जागा दुसऱ्या गावाला दिली होती. टेंभुरवाडीत मुलींच्या शिक्षणाची विनावेतन उत्तम सोय असल्याने तूर्त जागेची आवश्यकता नाही, आणि श्रीमती मनकर्णाबाई यांचा सेवाभाव अनुकरणीय आहे. रंगराव गुरुजींनी पत्र पडवीत वाचलं आणि मान वर न करता निघून गेले. डोरोथीला अनुकरणीय हा शब्द नवा होता. तिने अर्थ विचारला आणि तो ऐकून तिने मनकर्णाबाईंचा हात धरला. अभिनंदन म्हणाली. तेव्हा मात्र मनकर्णाबाईंनी मुलींना घरी पाठवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट तोंडाने बोलून दाखवली.

"मले पाह्यजे होती थे जागा."

डोरोथी गोंधळली. "पण तुम्ही नको म्हणालात. मी स्वतः ऐकलं."

"हाव. म्हनलं मी नको. थे म्हनाच लागते, माय. पोरी कधी हात वर करतेत का? तुले तर समजलं होतं. पार्वतीचं तू सुगंधीले इचारते. माह्यं काऊन कोनाले नाही इचारलं?"

डोरोथी पांढरी पडली. मुली लहान आहेत, तुम्ही मोठ्या आहात, मला वाटलं मोठी माणसं स्वतः सांगतात, असं काहीसं ती म्हणाली. मग म्हणाली, मला वाटलं तुम्ही माझ्यासारख्याच.

"तुह्यासारखी कशी असन मी? दोन वर्सानं तू तुह्या घरी जाशीन. मले हेच घर हाये, अन् हे बी माह्यं नाही."

दुसऱ्या दिवशी डोरोथी एसटीने तालुक्याला गेली. साहेबांनी तिला चहा पाजला, कागद काढून दाखवला. बाईंनी स्वतः नकार दिला, सोबतच्या परदेशी शिक्षिकेनेही त्याला दुजोरा दिला, असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली तारीख, सही. आता यादी वर गेली, ते म्हणाले. डोरोथी परतली ती दोन दिवस माडीवरून उतरली नाही. मनकर्णाबाईंनी त्या दोन दिवसांत वर्ग एकटीने घेतला. एकदाही आवाज चढला नाही, असं मुली सांगतात. मला विचाराल तर चढायला हवा होता.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी डोरोथीचा निरोप-समारंभ झाला. मारुतीच्या देवळासमोर मांडव, भाड्याने आणलेला भोंगा, नारळ, शालू. भगवानरावांनी भाषण केलं, की सातासमुद्रापलीकडून येऊन ह्या माउलीने आमच्या लेकींना अक्षर दिलं. डोरोथी उठली आणि म्हणाली की मला इथे जिने शिकवलं ती मनकर्णाबाई, आणि तिच्यावर अन्याय झाला. लोकांना ते पाहुणीचं मोठं मन वाटलं. टाळ्या पडल्या. मग कोणीतरी मनकर्णाबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या नाही म्हणतील आणि बसतील अशीच सगळ्यांची समजूत होती.

मनकर्णाबाई उठल्या. भोंग्यासमोर उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर घट्ट केला.

"मले पगार पाह्यजे होता," त्या म्हणाल्या. "साहेबानं इचारलं तवा बी पाह्यजे होता. मी नको म्हनलं थे खोटं होतं."

एवढंच. मग भगवानराव मोठ्याने हसले, बाई गमतीदार आहेत म्हणाले, आणि डोरोथीच्या गळ्यात हार घातला. गर्दीही हसली. पण बायका हसल्या नाहीत. त्या एकमेकींकडे पाहत होत्या.

चार दिवसांत पडवीतल्या मुली निम्म्या झाल्या. विहिरीवर बोललं जाऊ लागलं, की सेवा सेवा म्हणत होती, पैशावर डोळा होता तर. ज्या आयांच्या मुलींना मनकर्णाबाईंनी दहा-अकरा वर्षं फुकट वाचायला शिकवलं त्याच आया हे बोलत होत्या. वच्छलाबाई घरात म्हणाली, दिराचं नाक कापलं. उकंडरावाने एक दिवस दोन गोऱ्हे विकत आणले आणि पडवीत बांधले. जागा नाही आता, म्हणाला. अशी ती शाळा बंद झाली. तिला बंद करायला सरकारी हुकूम लागला नाही, जशी ती उघडायलाही लागला नव्हता. पुढे सहा वर्षांनी गावात खरी शिक्षिका आली, आणि मधल्या सहा वर्षांतल्या मुली कोऱ्याच राहिल्या. ह्याचा दोष कोणाकडे जातो ते गावाने अजून ठरवलेलं नाही. मी ठरवलं आहे, पण मला कोण विचारतं?

सत्तर सालच्या श्रावणात रंगराव गुरुजी एक निळं पाकीट घेऊन मळ्यात आले. डोरोथीचं पत्र होतं, मराठीत, गुरुजींच्या पत्त्यावर. मनकर्णाबाई मिरचीत निंदत होत्या. त्यांनी हात लुगड्याला पुसले आणि पत्र स्वतः वाचलं. अक्षर आता सुधारलं होतं. तिला तिकडे एका शाळेत कायमची नोकरी लागली होती. टेंभुरवाडीतली दोन वर्षं त्यांनी अनुभव म्हणून धरली होती, त्यामुळे पगारही वरच्या पायरीपासून सुरू झाला होता. तुमची रोज आठवण येते, असं खाली होतं.

मनकर्णाबाईंनी पत्राची घडी केली आणि गुरुजींना परत दिली. गुरुजी घुटमळले. मग ते हळूच म्हणाले, "बाई, त्या दिवशी म्याच बोलाले पाह्यजे होतं." दीड वर्षाने त्यांना तेवढं जमलं.

"नोकरी चांगली हाये वाटते तिची?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"हाव. कायमची हाये."

"तिले बी कोनी इचारलंच असन, पाह्यजे का म्हनून," मनकर्णाबाई म्हणाल्या. "अन् तिनं पयल्याच खेपेले हाव म्हनलं असन."

मग त्या खाली बसल्या आणि निंदायची आपली पात पुढे नेऊ लागल्या. गुरुजी पाकीट हातात धरून शाळेची वेळ झाली तसे निघून गेले.